गोळी चुकली तर फोन येतो, विडी पेटली तर नाही

प्रति,
राज्याच्या एड्स नियंत्रण आणि तंबाखू नियंत्रण विभागांतले अधिकारी
तसेच बेळगाव जिल्ह्यातले आरोग्य अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी निपाणी तालुक्यातला. मोबाइल रिचार्ज आणि दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे माझं. त्याआधी अठरा वर्षं ट्रकवर होतो, मुंबई ते बेंगळुरू. २००८ पासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या चालू आहेत. पत्राखाली नाव घातलेलं नाही. का, ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्याच पोस्टरवर 'गोपनीयता' हा शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतो.

हे पत्र मी कार्यालयात देऊ शकलो असतो. दिलंही होतं. दोन पानी अर्ज, आठ महिन्यांपूर्वी. पोच म्हणून शिक्का मिळाला, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता उघड्यावर लिहितोय.

झालं ते असं. गेल्या पावसाळ्यात मी जिथून गोळ्या घेतो त्या सेंटरवर एक तरुण कार्यकर्ता वही घेऊन बसला होता. विडी, सिगारेट सोडायची असेल तर मोबाइलवर मेसेज पाठवणार, नंबर द्या म्हणाला. मला आनंद झाला. माझी विडी तोवर सुटलेली होती, तरी मी नंबर दिला आणि रांगेतल्या आणखी दहा-बारा जणांना हाताला धरून द्यायला लावला. सेंटरचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या कोणाची नोकरी घालवायची नाही मला, आणि पुढच्या गोळ्याही तिथूनच आणायच्या आहेत.

पहिले तीन मेसेज कन्नडमध्ये आले. पुढचे इंग्रजीत. त्यातल्या एकाची सुरुवातच 'डिअर पीएलएचआयव्ही' अशी होती, म्हणजे 'एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसा'.

गोळ्या घेणाऱ्या आमच्या गटात एक ताई आहे. नवरा वारला, सासरीच राहते, दिराच्या घरात. फोन एकच, तोही दिवसभर दिराच्या मुलाच्या हातात, गेम खेळायला. पोरगं नववीत. त्याला तो शब्द कळला नाही, म्हणून त्याने गूगलवर टाकला. पुढचं लिहीत नाही. ताई आता माहेरी असते, अथणी तालुक्यात, आणि गोळ्यांसाठी दोन एसट्या बदलून येते. वर आणखी एक गंमत ऐका. ताईने आयुष्यात कधी विडी ओढली नव्हती. ती मशेरी लावते. विडी सोडण्याच्या मेसेजसाठी तिने नंबर दिला तो माझ्या सांगण्यावरून.

आम्ही चौघे तक्रार घेऊन गेलो. मराठीची सोय नाही, पाहिजे तर तुमची नावं काढून टाकतो, असं उत्तर मिळालं. दुसऱ्याच आठवड्यात सगळ्या मराठी माणसांची नावं वहीतून गेली. चूक मेसेजच्या मजकुरात होती. मजकूर दुरुस्त करायचा सोडून माणसंच कमी केली. हा निर्णय मला गप्प राहून पचत नाही.

आता माझा या सगळ्याशी काय संबंध, ते सांगतो. निपाणीच्या माणसाने तंबाखूविरुद्ध लिहायचं म्हणजे आधी खुलासा करावा लागतो.

माझी आई वखारीत तंबाखू निवडायला जायची आणि घरी येऊन विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली पानं आणि जर्दा, बोटांत दोरा. हजार विड्यांवर मजुरी. वडलांचा दीड एकर तुकडा होता, त्यात तंबाखूच. १९८१ साली शरद जोशींच्या आंदोलनात ते हायवेवर जाऊन बसले होते, भाव मागायला. त्या एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. मी अकरा वर्षांचा होतो. वडील घरी परत आले तेव्हा त्यांच्या अंगाला रस्त्याच्या डांबराचा वास येत होता, एवढंच मला आठवतं. या पिकाने आम्हाला जगवलंय. त्यामुळे तंबाखूला शिव्या द्यायला मी बसलेलो नाही. पोटासाठी वळणाऱ्या बाईवर तर माझा काडीचाही राग नाही. मालकाने खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या घरात पडून असायच्या. बारा वर्षांचा असताना त्यातलीच पहिली ओढली. फुकट होती.

ट्रकवर गेल्यावर विडी हे माझं घड्याळ झालं. कोगनोळीच्या अलीकडे एक, हुबळी सोडताना एक, घाटात झोप येऊ नये म्हणून तीन. २००८ साली ताप उतरेना, वजन एकोणचाळीस किलोवर आलं, तेव्हा तपासणी झाली. सीडी-४, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, फक्त १४८. त्या वेळच्या गोळ्यांत स्टॅव्ह्युडिन नावाचं औषध असायचं. त्याने जीव वाचला, पण गाल आत गेले. गल्लीत लोक विचारायचे, दात काढले काय रे? पुढे गोळ्या बदलल्या. आता रात्री एकच असते.

इथे तुमचे आभार मानले पाहिजेत, आणि ते मी मनापासून मानतो. १ एप्रिल २००४ ला सरकारने या गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली नसती, तर मी हे पत्र लिहायला उरलो नसतो. एक महिना मी दोन दिवस उशिरा गेलो, तर सेंटरवरून फोन. तिसऱ्या दिवशी कार्यकर्ता दुकानात हजर, रिचार्ज करायला आल्याचं नाटक करून. इतकी काळजी माझ्या सख्ख्या भावाने घेतली नाही.

मग विडीबद्दल कोणी काही का विचारत नाही?

पहिल्या दिवशी विचारलं होतं. दारू? विडी-सिगारेट? हो म्हणालो, कागदावर खूण झाली. त्यानंतर किती डॉक्टर बदलले, किती काउन्सेलर मॅडम आल्या-गेल्या, उपचाराच्या नोंदींचं माझं हिरवं पुस्तक तीनदा भरून नवं झालं. ती खूण जिथल्या तिथे. फार तर "विडी कमी करा बरं का", तेही उठता उठता.

माझ्या गाडीवरचा जुना क्लीनर, माझ्याबरोबरच गोळ्या सुरू केलेला. रिपोर्टवर कायम 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. रक्तात विषाणू सापडेना इतका कमी. तो कागद तो देवाच्या फोटोमागे ठेवायचा. सेहेचाळीसाव्या वर्षी, सकाळी टपरीवर, हातात विडी असताना छातीत कळ आली आणि संपला. घरच्यांना वाटलं, त्या रोगानेच गेला. मी त्यांना समजावत बसलो नाही. समजावायला हवं होतं.

डेन्मार्कमध्ये यावर अभ्यास झाला, २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिथेही उपचार फुकट आणि चोख. तिथल्या एचआयव्हीबाधित धूम्रपान करणाऱ्यांचं आयुष्य मोजलं तर धूम्रपानाने सरासरी १२.३ वर्षं कमी झाली होती आणि एचआयव्हीने ५.१. डेन्मार्क म्हणजे निपाणी नव्हे, मला कळतं. आमच्याकडे क्षयरोग आहे, धूर भरलेलं घर आहे, शेतातली फवारणी आहे. पण यातली कुठलीही गोष्ट विडीच्या बाजूने बोलत नाही. एचआयव्हीवाल्याला क्षयाचा धोका आधीच जास्त, विडी तो आणखी वाढवते. म्हणजे ज्याच्यासाठी सरकार दर महिन्याला गोळ्या, तपासण्या, माणसं लावतं, त्याच माणसाला दारातून बाहेर पडल्यावर टपरी परत घेते. आणि सरकारच्या वहीत त्याचा हिशेबच नाही.

माझी विडी कशी सुटली ते सांगतो, कारण माझ्या मागण्या तिथूनच आल्यात.

दोनदा सोडली आणि दोनदा धरली. तिसऱ्या वेळी माझी पुतणी मध्ये पडली. ती बेळगावात नर्सिंग शिकत होती आणि माझ्या गोळ्यांचं तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, काका, दिवसातून पाच मेसेज पाठवीन, फक्त उत्तर द्यायचं. मी तिला वेळा सांगितल्या: सकाळचा चहा, दहा वाजता दुकान उघडल्यावर, जेवण झाल्यावर, दिवेलागणीला, आणि रात्री गोळी घेतल्यावर. बरोबर त्या वेळेला फोन वाजायचा. मेसेज एवढाच: "काका, मोटर बंद आहे ना?"

शेतातली मोटर. घरात कोणीही वाचलं तरी काय कळणार? मी लिहायचो, बंद आहे. एकदा खोटं लिहिलं. ती लगेच: "मग आवाज कुठला येतोय?" टपरीवर उभा होतो मी. हसूच आलं, विडी टाकली. ज्या दिवशी खरंच ओढली त्या दिवशी लिहिलं, चालू झाली होती, बंद केली. ती रागावली नाही. "फ्यूज बदला आणि झोपा," म्हणाली.

पहिले तीन दिवस वाईट गेले. डोकं ठणकायचं, गिऱ्हाइकावर ओरडायचो, एकाचा फोन दुरुस्त करताना डिस्प्लेच तोडला. मग तलफ आली की काही मिनिटांत ओसरते, एवढा अंदाज आला. महिनाभराने दिवसातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. पुतणीचे मेसेजही तसे कमी होत गेले. पण तिने ते सहा महिने तोडले नाहीत. आता चौथं वर्ष.

ही काही तिची एकटीची युक्ती नव्हे, हे मला नंतर कळलं. इंग्लंडमध्ये असाच प्रयोग ५८०० माणसांवर झाला होता. पाच आठवडे दिवसाला पाच मेसेज, पुढे सव्वीस आठवडे आठवड्याला तीन. तलफ आली की एक शब्द पाठवायचा, लगेच मदतीचा मेसेज परत. सहा महिन्यांनी तपासून पाहिलं, नुसतं तोंडी विचारून नव्हे: मेसेज मिळालेल्यांत १०.७ टक्के सुटले होते, असे मेसेज न मिळालेल्यांत ४.९ टक्के. हे २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. शंभरातले एकोणनव्वद सुटले नाहीत, हेही त्यातच आलं. पण दुप्पट ते दुप्पटच. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही मोबाइल मेसेजची शिफारस आहे. आपल्या केंद्र सरकारची मिस्ड कॉल देऊन मेसेज मिळवायची योजना तर २०१६ च्या सुमारासची. म्हणजे हे जमत नाही असं नाही. आमच्या रांगेपर्यंत नीट पोचलेलं नाही.

कोणी म्हणेल, मेसेजने काय होतं? रास्त शंका आहे, आणि तिला पुरावाही आहे. दक्षिण भारतातच, बेंगळुरूच्या डॉक्टरांनी ६३१ एचआयव्हीबाधितांवर अभ्यास केला होता. गोळ्या वेळेवर घ्याव्यात म्हणून आठवड्याला फोन आणि चित्राचा मेसेज. फरक पडला नाही, असं २०१४ मध्ये त्यांनीच प्रामाणिकपणे लिहिलं. अमेरिकेत ह्यूस्टनला ४७४ एचआयव्हीबाधित धूम्रपान करणाऱ्यांना फोनवरून सल्ला दिला. तीन महिन्यांना फरक दिसला, वर्ष होईतो विरून गेला. मी यातून माझ्यापुरता अर्थ काढतो. गोळीची आठवण दिवसातून एकदाच लागते, ती लोकांनी आधीच अंगवळणी पाडलेली असते. तलफ दिवसातून वीसदा येते आणि तेव्हा माणूस एकटा असतो. तिथे मेसेजला काम आहे. पण तीन महिन्यांत हात सोडला तर माणूस परत टपरीवर जातो.

आता तक्रारी. क्रम मला सुचला तसा.

भाषेची आधी घेतो, कारण त्यावरून गैरसमज होतात. माझा कन्नडला विरोध नाही. बायको गोकाककडची, घरात निम्मं बोलणं कानडीत चालतं, मुलगा कन्नड माध्यमात शिकला. पण मी कन्नड बोलतो, वाचत नाही, आणि निपाणी, खानापूर, चिकोडीपासून बेळगावच्या येळ्ळूर-उचगावपर्यंत माझ्यासारखे हजारो आहेत. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तिथे राहू दे. विडीची तलफ त्याच्या निकालापर्यंत थांबत नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने मला गाऱ्हाणं माझ्या भाषेत मांडायचा हक्क दिलाय. तो मी हे पत्र लिहून वापरतोय. औषधाची गोळी भाषेशिवाय गिळता येते, मेसेज नाही.

आणि मराठी म्हणजे पुस्तकी मराठीही नको. एकाने मला नमुना दाखवला होता: 'धूम्रपान त्यागाचा संकल्प दृढ करा.' आमच्या रांगेत हे वाचून पहिल्यांदा कोणी हसेल आणि मग विडी पेटवेल.

गुप्ततेची तक्रार सगळ्यात जड. २०१७ चा एचआयव्ही कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, संमतीशिवाय कोणाची एचआयव्हीची माहिती उघड करायला मनाई करतो आणि नोंदी सांभाळण्याची जबाबदारी संस्थेवर टाकतो. मेसेज ही नोंदच आहे, आणि ती कुलूप नसलेल्या कपाटात जाते. आमच्याकडे फोन एका माणसाचा नसतो. तो चार्जिंगला लावलेला असतो, पोरांकडे असतो, शेजारणीने मागून नेलेला असतो. माझ्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या फोनवर मी नको तेवढं वाचलंय. स्क्रीन लॉक असली तरी मेसेजची पहिली ओळ बहुतेकदा दिसतेच. आमच्या नंबरांची ती वही अजून कुठे आहे, हेही आम्हाला कोणी सांगितलेलं नाही.

दोन खात्यांची तऱ्हा वेगळीच. तंबाखू सोडवण्याचा कक्ष एका मजल्यावर, एआरटीची खोली दुसऱ्या मजल्यावर, आणि मधल्या जिन्यावरून एक चिठ्ठीसुद्धा खाली-वर होत नाही. तंबाखूवाल्यांना आम्ही एचआयव्हीवाले म्हणून नको, एचआयव्हीवाल्यांना आमची विडी किरकोळ वाटते.

बायकांचं तर कोणाच्या डोक्यातच नाही. सगळी भाषा सिगारेटची, चित्रंही सिगारेटची. आमच्या भागात बायका मशेरी लावतात, तंबाखू खातात. पुरुषही चुना मळतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यात धुरापेक्षा चघळणारे जास्त होते. सिगारेट ओढणारे चार टक्के, विडीवाले त्याच्या जवळपास दुप्पट. मग आमच्या फोनवर सिगारेटचंच चित्र कोणासाठी?

राहिली तलफ शमवायची निकोटिनची च्युइंगम. राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ती २०२२ पासून आहे. माझ्या सेंटरच्या खिडकीत मी ती पाहिलेली नाही. मेडिकलमध्ये मिळते, विडीच्या बंडलापेक्षा कितीतरी महाग.

आता मागतोय काय, ते सरळ सांगतो.

बंद केलेले मेसेज पुन्हा सुरू करा, मराठी, कन्नड आणि उर्दूत. भाषा माणसाने निवडायची, नोंद करणाऱ्याने नव्हे.

मेसेजमध्ये एचआयव्ही, एआरटी, गोळ्या, सेंटर, यातला एकही शब्द नको. पाठवणाऱ्याच्या नावातही नको. मोटर बंद आहे का, भाकरी थापली का, प्रत्येकाला आपला खुणेचा शब्द निवडू द्या. नंबर घेण्याआधी विचारा: हा फोन आणखी कोण वापरतं? कुठल्या वेळेला मेसेज नको? वाचता येतं का? ज्याला वाचता येत नाही त्याला आवाजातला निरोप पाठवा, आपल्या भागातल्या माणसाच्या आवाजात.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या ठेकेदाराला माहीत असते आणि तो तुम्हाला सांगत नाही. इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'थांबा' दिसायला दोन अक्षरं, मोजणीत पाच. सत्तरच्या पुढे गेलात की एका मेसेजचे दोन होतात आणि पैसेही दोनचे लागतात. साध्या फोनवर तर कधी कधी नुसते चौकोन दिसतात. तेव्हा मजकूर आखूड हवा. मी लिहून पाहिलेत:

"तलफ आली? पाच मिनिटं थांबा. पाणी प्या. ती जाते."

"पावसात टपरीवर थांबायचंय? आज दुसऱ्या छपराखाली थांबा."

पहिला सेहेचाळीस, दुसरा एक्कावन्न. मोजून घ्या. असे अडीचशे लिहायला आमच्या गटातली माणसं तयार आहेत, मानधन नको, चहा पाजा. घाऊक भावात मेसेज पंधरा-वीस पैशांना पडतो. इंग्लंडच्या प्रयोगाइतके, म्हणजे माणशी अडीचशे मेसेज धरले, तरी पन्नास रुपये. एवढ्यात विडीची दोन-तीन बंडलं येतात.

मेसेज एकतर्फी नको. मिस्ड कॉल दिला की पाच मिनिटांत उत्तर यावं, कारण साध्या फोनवर मराठी टाइप करणं म्हणजे आमच्या माणसाला शिक्षा आहे. आणि पुन्हा ओढली असं कळवणाऱ्याचं नाव काढू नका. नाव काढायची तुम्हाला भारी घाई असते. ओढली म्हणून कळवणारा माणूस अजून सोडायच्या विचारात आहे, म्हणून तर कळवतोय. निदान वर्षभर त्याला सोडू नका.

दर वेळी गोळ्या देताना एक प्रश्न विचारा, विडी, मशेरी, तंबाखू, काय आणि किती, आणि ते हिरव्या पुस्तकात तारखेसह लिहा. च्युइंगम एआरटीच्या खिडकीतच द्या, दुसऱ्या मजल्यावर पाठवू नका. विडीच्या बंडलावर २०१८ पासून १८००-११-२३५६ हा फुकट नंबर छापलेला असतो. तो गोळ्यांच्या पिशवीत चिठ्ठी घालून द्या. बंडल फाडून फेकणारा माणूस नंबर वाचत नाही, मीही कधी वाचला नव्हता.

त्या वहीचं काय झालं ते लेखी कळवा, आणि आमचे नंबर तिच्यातून खरोखर गेले की नुसते खोडले गेले तेही. आणि त्या ताईकडे कोणी तरी जा. एचआयव्ही कायद्यात तक्रार ऐकणारा लोकपाल आहे, त्याचा पत्ता सेंटरच्या भिंतीवर मराठीतही लावा. तिने तक्रार करावी की नाही हे तिचं ती ठरवील. पण अशी सोय आहे, हे तिला माझ्याकडून कळलं. ते तुमच्याकडून कळायला हवं होतं.

उत्तर मराठीत द्या, कन्नडमध्ये द्या, बायको वाचून दाखवील. मात्र माझ्या फोनवर पाठवू नका. सेंटरच्या नोटीस बोर्डावर लावा. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी गोळ्या घ्यायला येणार आहे, तेव्हा रांगेत उभा राहून वाचीन. बरोबरचे आणखी दहा-बारा जण असतील, त्यांनाही मोठ्याने वाचून दाखवीन.

आपला,
एआरटीवर असलेला एक रहिवासी
निपाणी तालुका, जिल्हा बेळगाव